दोन बोटं सैल

बायकोने वजन उतरवायचा चंग बांधला आणि भोगायला मी लागलो. रोज सकाळी दोघांच्याही समोर ओट्सचा वाडगा, वर सफरचंदाच्या चार फोडी. "पोटभरीचं आहे हो, दुपारपर्यंत भूक लागत नाही," ती म्हणायची. लागणार कशी? वाडगा बघूनच मरायची.

"अगं, हे किती दिवस चालणार?"

"माझा निळा ड्रेस दोन बोटं सैल होईपर्यंत. वजनकाट्यावर माझा विश्वास नाही."

मी पडलो शिंपी. पंधरा दिवस कळ काढली. मग ती बाजारात गेल्याचं बघून ड्रेसच्या दोन्ही बाजू उसवल्या, आत दाबलेलं जास्तीचं कापड मोकळं केलं, पुन्हा टीप मारली आणि ड्रेस मुकाट्याने कपाटात ठेवला.

रविवारी तिने तो घातला आणि आरशासमोर गिरकी घेतली. "अहो, बघा तरी! बरोब्बर दोन बोटं!" माझ्या डोळ्यांसमोर लोणी लावलेला गरम पाव तरळला.

 

"एवढा गुण आलाय, आता ओट्स जन्मभर सोडायचे नाहीत! आणि तुमची पॅन्ट अजून तशीच घट्ट आहे, तेव्हा उद्यापासून तुम्हाला रात्रीही तेच."