मनगटावरची पाच मिनिटं

रुमालात बांधलेली शेंगदाण्याची चटणी. गावाकडची सकाळी सहाची एसटी. जीपच्या टपावर चार क्षेपणास्त्रं. पाच मिनिटं पुढे लावलेलं घड्याळ.

ती एसटी एकदा चुकली, तेव्हापासून हवालदार मगदूम घड्याळ पाच मिनिटं पुढेच ठेवत आणि वेळ सांगताना मनातल्या मनात पाच वजा करत. पलटणीत त्यावरून थट्टा चालायची. आज मात्र गाडीतलं घड्याळ उन्हानं बंद पडलं होतं, मोबाईल छावणीत जमा होते. वेळ होती ती फक्त मगदूमांच्या मनगटावर.

हुकूम साधा होता. संध्याकाळी पाच चाळीसपर्यंत आपली विमानं परतणार, तोवर काही सोडायचं नाही. त्यानंतर येईल ते शत्रूचं. मागच्या पुलावरून मगदूमांचीच पलटण नदी ओलांडत होती.

"साहेब, पश्चिमेकडून एक येतंय. ओळख देत नाही," रडारच्या पडद्यासमोर बसलेला खोपडे म्हणाला. "सोडू?"

घड्याळात पाच बेचाळीस. म्हणजे पाच सदतीस.

"थांब. आपलंच कुणीतरी धडपडत घरी येत असेल."

"फार खाली आलंय, साहेब!"

"थांब म्हणतोय ना! तीन मिनिटं आहेत अजून."

ते डोक्यावरून गेलं. दोघांनी माना वळवल्या. पुलावर आधी धूर दिसला, आवाज मागून आला.

सकाळी मगदूम दाढी करत होते, तेव्हा साहेबांची रोजची वजाबाकी वाचावी म्हणून खोपडेनं ते घड्याळ बरोबर लावून ठेवलं होतं.