उशिराची रांग

दुसराही बूट अंगणातल्या बादलीत जाऊन पडला. "नाही घालणार," सात वर्षांची जुई म्हणाली.

भोईटे सरांचा हात गळ्यातल्या शिट्टीकडे गेला. या शिट्टीवर शाळेतली सहाशे पोरं जागच्या जागी थांबत, पण पोटची पोर मात्र ऐकत नव्हती. शिट्टी झाली, दटावणं झालं, एकदा फटकाही झाला. दर वेळी तिचं 'नाही' आणखी मोठं होई. शेवटी समुपदेशक बाईंनी समजावलं होतं, "ती मुद्दाम छळत नाही, सर. हुकूम ऐकला की तिच्या तोंडून आधी नकारच निघतो. तो तिलाही आवरत नाही. दोन पर्याय द्या आणि गप्प बसा."

गप्प बसणं हेच सरांना जड जात होतं. आज त्यांनी शिट्टी काढून खुंटीला अडकवली आणि ते पायरीवर बसले. "ओले बूट की चपला? तू ठरव."

जुई ओरडा बसायची वाट बघत राहिली. लांबून शाळेची घंटा ऐकू आली. सर ओठ घट्ट मिटून बसले.

मग ती उठली. बादलीतून बूट काढून तिनं त्यातलं पाणी ओतलं आणि ते पायांत घातले.

"छान केलंस," सर म्हणाले.

उशिरा येणाऱ्यांची वेगळी रांग शाळेत सरांनीच सुरू केली होती. त्या सकाळी त्या रांगेत सगळ्यात पुढे ते स्वतः उभे होते, पचपच वाजणाऱ्या बुटांतल्या लेकीचा हात धरून, छाती फुगवून.