धाकटीचा मोबाइल

देवापुढे डोळे मिटले, तरी थोरलीला दिसायचा तो धाकट्या जावेचा मोबाइल. त्याच्यावर धाकटीला घरबसल्या डॉक्टर भेटत. थोरलीच्या नशिबी दवाखान्याची रांग. काल संध्याकाळी धाकटी तोच मोबाइल घेऊन धावत आली.

“ताई, हे ऐका तरी!”

“तिकडे मिरव,” म्हणत थोरलीने दार लावून घेतलं. सकाळीही हाक आली, तेव्हा तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

दुपारी रांगेतून आत पोचली, तर डॉक्टर चमकले. “आत्ता येताय? तुमच्या गाठीचं ऑपरेशन सकाळी होतं. मोठे सर्जन गेलेही, आता महिन्याने येतील. काल मेसेज नाही मिळाला?”

“कुणाच्या मोबाइलवर?”

“तुम्हीच दिलेल्या नंबरवर.”

थोरलीला आठवलं. स्वतःचा फोन नाही, म्हणून नंबर तिने धाकटीचा दिला होता.