सासूबाईंची झोप

दुधाच्या पातेल्यावरचं झाकण खडखडलं आणि ऋजुता दचकून जागी झाली. चक्क उजाडलं होतं. आरशात पाहते तर दुसऱ्या बाळंतपणापासून डोळ्यांखाली साचलेली सूज पार ओसरलेली. कानामागे मात्र एकाची झोप दुसऱ्याला देणारी चकती चिकटवलेली होती. तिने तर ती लावली नव्हती.

स्वयंपाकघरात सासूबाई सुजलेल्या डोळ्यांखाली गार चमचे धरून बसल्या होत्या. जोडीची चकती त्यांच्या कानामागे होती.

“आई, अख्खी रात्र जागलात?”

“छे गं, पापडाचं मीठ बाधलं.”

“पापड तर परवाच संपले.”

“मग वय झालं म्हण.”

इतके देखणे डोळे आपण कधी पाहिले नाहीत, असं ऋजुताला वाटलं.

चार वर्षांची रेवती आजीच्या मांडीवर चढून ते डोळे निरखत होती.

“आई, बाबा बाळ होता तेव्हा आजीला कुणी झोप दिली?”