टोचत नाही म्हणजे
लॉन्ड्रीत इस्त्रीच्या टेबलाशी ती उभी होती, तेवढ्यात आरोग्यसेविका कागद घेऊन आली. "मावशी, पापणी मिटताना टोचतं का? कधीच नाही, कधीकधी, की नेहमी?" तिला प्रश्नच कळेना. "म्हणजे? सगळ्यांना टोचतं तेवढंच." सेविकेचं पेन थांबलं. "सगळ्यांना नाही टोचत, मावशी." पोरगी थट्टा करतेय असं वाटून ती हसली. माहेरी आजी, आई, दोघी आत्या रोज सकाळी चिमट्याने पापणीचे केस उपटायच्या. सासरी निघताना आईने तिलाही तसाच चिमटा दिला होता. उजेडात डोळे बारीक करायचे, रुमालाने पाणी टिपत राहायचं, यालाच डोळे म्हणतात अशी तिची समजूत. तरी तिने शेजारी घड्या घालणाऱ्या धाकट्या जावेला विचारलं, "काय गं, पापणी मिटली की टोचत नाही तुला?" "मला फक्त तुमचं बोलणं टोचतं, जाऊबाई," धाकटी म्हणाली आणि एकटीच हसली. सेविकेने थोरलीची पापणी हलकेच उलटवून पाहिली. खुपऱ्या होत्या, पापणीच्या आतल्या संसर्गाच्या, लहानपणापासूनच्या. त्यांच्या व्रणांनी पापणी आत वळून केस बुबुळावर घासत होते. "छोटंसं ऑपरेशन केलं की थांबेल," सेविका म्हणाली. थोरली गोंधळून हातातल्या शर्टाकडे बघत राहिली. आनंद मानावा की इतक्या वर्षांचा राग धरावा, आणि धरावा तर कुणावर, हेच तिला उमगेना. "टोचायचं थांबलं, की मग कसं वाटतं गं?" तिने विचारलं. सेविकेने डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. तिला काहीच जाणवलं नाही.