चंद्राची पोच

पार्सलं पोचवणाऱ्या बाबाला दूरदेशी जाऊन चार महिने झाले होते, आणि “कधी येणार?” यावर त्याचं “पुढच्या महिन्यात” हे उत्तर पाच वर्षांच्या ठकीला आता पाठ झालं होतं. त्यात काल संध्याकाळी तिने गॅलरीतून त्याला फोनवर चंद्र दाखवला, तर तो म्हणाला, “इकडे अजून सकाळ आहे गं, इथे कुठला चंद्र?”

झालं. बाबाकडे साधा चंद्रसुद्धा नाही म्हणून ठकीने भोकाड पसरलं.

आईने चेंडूवर पेनाने दोन ठिपके काढले, एक आपला, एक बाबाचा, आणि चेंडू दिव्यासमोर हळूहळू फिरवला. “हा दिवा म्हणजे चंद्र. पृथ्वी अशी फिरते ना, म्हणून आधी आपल्याला दिसतो, मग बाबाला.”

“म्हणजे आपला बघून झाला की पुढे पाठवायचा. पार्सलसारखा.”

“तस्संच,” आई म्हणाली, कारण गॅसवर दूध उतू जायला आलं होतं.

आज सकाळी ठकी दात घासत असताना बाबाचा फोन आला. तिकडे रात्र झाली होती आणि आईने त्याला आधीच सगळं पढवून ठेवलं होतं.

“ठकूताई, चंद्र मिळाला बरं का,” तो कामावरच्या आवाजात म्हणाला. “पण माल थोडा कमी आहे. एका कडेने कुरतडल्यासारखा दिसतोय.”

पौर्णिमा परवाच होऊन गेली होती. आता हेही समजवायचं, म्हणून आई पुन्हा चेंडू शोधायला लागली, तोवर ठकीने तोंडातला फेस थुंकला.



“तेवढा मीच काढून ठेवलाय. हवा असेल तर घरी येऊन घेऊन जा.”