कोरडा टिपकागद

"तडा निघाला तर बरं होईल," बाई म्हणाल्या.

"असं म्हणणारं पहिलंच गिऱ्हाईक," जुन्या भांड्यांची पारख करणारा हसला.

चिनी मातीचा पांढरा जग त्यांनी टेबलावर ठेवला. "आईच्या उशाशी असायचा. शेवटी डॉक्टरांनी तिचं पाणी बंद केलं. ती मागत राहायची. मी सांगायचे, जग तडकलाय गं, पाणी राहत नाही त्यात. तडा सापडला, तर तेवढं तरी खोटं ठरणार नाही."

"बघू या, ताई."

त्याने जग भिंगाखाली फिरवला. तळाचा ठसा शंभर वर्षांपूर्वीचा होता, झिलई शाबूत होती. टिचकी मारली, तर नाद स्वच्छ आला. मग त्याने जग काठोकाठ भरला आणि टिपकागदावर ठेवला. बारीक चीर असली, तरी कागद ओला होतो.

दुपार संथ होती. पाण्यात खिडकीचा उजेड हलत होता.

थोड्या वेळाने पाणी दोन बोटं खाली गेलं. कागद कोरडाच होता.

दोघं वाकून बघत राहिले. पाणी जरासं उतरलं, थांबलं, पुन्हा उतरलं.

बाईंनी टेबलावरचं पाण्याचं भांडं उचलून जगात आणखी पाणी ओतलं.

"सावकाश गं," त्या हलकेच म्हणाल्या. "ठसका लागेल."